चोर सोडून वाऱ्याला सुळी

नदीने गाव बुडवले तरी पुढल्या वर्षी खणानारळाने तिची ओटी भरणारे हात त्याच गावात निघतात. पावसाने हाताशी आलेले पीक कुजवले तरी पुढल्या ज्येष्ठात त्याचीच वाट पाहिली जाते. वाऱ्याच्या नशिबी हे भाग्य नाही. त्याला वेदांत देव म्हणून जागा आहे, पुराणांत मारुतीचा बाप म्हणून मान आहे. पण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो येतो तो नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहूनच. ‘थंड वाऱ्याचे इतके बळी’ एवढे चार शब्द छापले, की खटला उभा राहतो, चालतो आणि निकालीही निघतो. साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. मेले ते मेले, वारा निघून गेला. मागे राहिले त्यांच्याकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. या खटल्याची सारी खुबी इथेच आहे.

अशाच एका वाऱ्याचे वकीलपत्र मी आज घेणार आहे. वकिलीची सनद माझ्यापाशी नाही. मी मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण मास्तरकी आणि कादंबरी या दोन्ही धंद्यांत त्या बापड्याची पुष्कळ बदनामी झालेली मी पाहिली आहे, आणि तेवढा अधिकार मला पुरे आहे.

त्याचे नाव बुरान. भूगोलात स्थानिक वाऱ्यांचा जो तक्ता शिकवतात त्यात फॉन, चिनूक, बोरा, मिस्ट्रल, लू या मंडळींच्या पंगतीत हा कधी असतो, कधी नसतो. असलाच तर नावापुढे ‘मध्य आशिया’ आणि त्याच्यापुढे ‘अतिथंड, विनाशकारी’. परीक्षेत जोडी जुळवली की एक गुण. ज्या वाऱ्याने एका सबंध जमातीला घर कोठे मांडावे, घोडा कोठे चारावा आणि शेजाऱ्याशी कसे वागावे हे शिकवले, त्याची आमच्या लेखी किंमत एक गुण! असो.

काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून निघून थेट मंगोलियापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे मांचुरियात गवताचा एक पट्टा पसरलेला आहे. त्याला स्टेप म्हणतात. त्याचा मधला, ऐसपैस भाग कझाकस्तानात येतो. आपल्या सोलापूर-नगरकडचे माळरान डोळ्यांपुढे आणावे आणि क्षितिजे पुसून टाकावीत, म्हणजे थोडीशी कल्पना येईल. मैलोगणती झाड दिसत नाही, आणि उत्तरेला आर्क्टिक समुद्रापर्यंत वाऱ्याची वाट अडवील असा डोंगर नाही. हिवाळ्यात सायबेरियावर थंड, जड हवेचा ढीग साचतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेच्या दाबाचे पृथ्वीवर नोंदले गेलेले सर्वांत मोठे आकडे सायबेरिया-मंगोलियातलेच आहेत. हा ढीग कधीतरी बाहेर वाहू लागतोच. आपल्या बाजूला त्याला तिएनशान, पामीर आणि हिमालय आडवे पडतात, म्हणून पुण्यात दिवाळीच्या पहाटेला एक शाल पुरते. स्टेपवर आडवे पडायला कोणी नाही. जवळून एखादे आवर्त सरकले, की ईशान्येकडून ही हवा धावत येते. वरून पडणारे हिम तर ती उधळतेच, पण आधी पडून राहिलेलेही जमिनीवरून खरवडून उचलते. मग माथ्यावर आकाश निळे असूनही माणसाला स्वतःच्या घोड्याचे कान दिसत नाहीत. हा बुरान. शब्द तुर्की कुळातला. कझाक लोक बोरान म्हणतात, रशियनांनी त्याचा बुरान केला.

आता कोणी म्हणेल, ‘मास्तर, एवढा पुळका असेल तर एक रात्र त्या वाऱ्यात काढून दाखवा.’ खरे आहे. पारा शून्याखाली २० अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी शून्याखाली ३४ अंशांसारखी झोंबते. वाट चुकलेला माणूस आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर गारठून मरतो, आणि तो तेथे होता हे वसंतात हिम वितळल्यावर कळते. वाऱ्याला संत ठरवायला मी बसलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की वारा एकट्यादुकट्याला मारतो. लाखांना मारायचे तर त्याला माणसाची मदत लागते.

ही गोष्ट पुश्किनला पक्की ठाऊक होती. पुगाचोव्हच्या बंडाची माहिती गोळा करायला तो १८३३ साली ओरेनबुर्गच्या बाजूला गेला होता, आणि १८३६ साली ‘कॅप्टनची मुलगी’ ही त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच बुरान आहे. नुकतीच मिसरूड फुटलेला ग्रिन्योव्ह नोकरीवर रुजू व्हायला चालला आहे. गाडीवान टोपी काढून विचारतो, मालक, मागे फिरायचे का? वारा जरासा उठला आहे, ताजे हिम कसे सरकते आहे पाहा. ग्रिन्योव्हला काहीच दिसत नाही. गाडीवान चाबकाने क्षितिजावरचा एक चिमुकला पांढरा ढग दाखवतो. म्हातारा नोकर सावेलिचही फिरा म्हणतो. पण आपल्या तरण्याताठ्या साहेबांना वारा काही एवढा जोराचा वाटत नाही. ते गाडी पिटाळायला सांगतात. पुढे व्हायचे ते होते. म्हणजे अपघाताच्या आधी पुश्किनने दोन साक्षीदार उभे केले आणि त्यांचे न ऐकणाराही दाखवला. इतकेच करून तो थांबत नाही. त्या पांढऱ्या अंधारात एक वाटसरू भेटतो आणि सांगतो, गाव जवळ आहे. कशावरून? तर वारा त्या बाजूने आला आणि त्याला धुराचा वास आला. ज्या वाऱ्याने वाट बुजवली त्यानेच वाट सांगितली, मात्र ज्याला वास घेता येतो त्याला. (तो वाटसरू कोण होता हे ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांना मी सांगणार नाही.) आमच्या धंद्यात वादळ ही फार सोयीची वस्तू आहे. नको असलेला दीर मारायचा असला, नायिकेला परक्या घरी रात्र काढायला लावायची असली, की लेखक वादळ सोडतो आणि स्वतः हात झटकून मोकळा होतो. पुश्किनने ही लबाडी केली नाही.

त्या गाडीवानाला जे दिसले ते कझाक पशुपालकाला तर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले होते. भटके म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणारे, असा आपला घरी बसणाऱ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांच्याइतकी ठरलेली वाट आपली पोस्टाच्या थैलीचीही नसते. उन्हाळ्याचा मुक्काम जाइलाऊ, हिवाळ्याचा किस्ताऊ, मधल्या दोन ऋतूंचे वेगळे. कित्येक कुळे शेकडो किलोमीटर, काही तर हजारावर, उत्तर-दक्षिण जात-येत. किस्ताऊ निवडायचा तो वारा बघून: नदीच्या वळणावर, जेथे बोरूचे रान दाट आहे तेथे, नाहीतर टेकडीच्या आडोशाला. घर गोल, कारण गोल घराला वारा धरता येत नाही. तो बाजूने निसटतो. भिंती मेंढीच्या लोकरीच्या, कांबळ्यासारख्या जाड घोंगड्यांच्या. मेंढी अशी, की जिच्या शेपटीच्या बुडाशी चरबीचा मोठा गोळा असतो. उन्हाळ्यात साठवायचे आणि हिवाळ्यात झिजवायचे.

आणि चारण्याची रीत तर पाहण्यासारखी आहे. हिमातून पुढे काढायचे ते घोडे. घोडा खुराने हिम उकरतो आणि गवताचे शेंडे खातो. त्याने फोडलेल्या जागेवर मागून गुरे येतात, त्यांच्या मागून मेंढरे. मेंढीला तो थर एकटीने फोडवत नाही. येथे वारा काय करतो? तो टेकड्यांच्या चढावरचे हिम झाडून नेतो आणि खालचे वाळलेले गवत उघडे करतो. ऐन पौष-माघात चराई मिळते ती अशा झाडलेल्या उतारांवर. ज्याला आपले पुस्तक विनाशकारी म्हणते, तो तेथे रोज सकाळी अंगण झाडणाऱ्या सुनेचे काम करीत असतो.

संकट यायचे ते निराळ्या वाटेने. मधेच थंडी मोडून हिम थोडे वितळते, किंवा पाऊस पडतो, आणि रातोरात पुन्हा सारे गोठते. गवतावर काचेसारखा बर्फाचा थर बसतो. घोड्याचा खूरही त्याला हरतो. याला कझाक जुट म्हणतात, मंगोल झुड. जुटात कळपच्या कळप उभ्या उभ्या उपाशी मरतात. ‘जुटाला सात भाऊ असतात’ अशी कझाकांची म्हण आहे. संकट एकटे येत नाही हा तिचा अर्थ. पण त्या समाजाकडे त्याच्यावर तोडही होती. ज्याचा कळप गेला त्याला सोयऱ्याधायऱ्यांनी, कुळातल्यांनी जनावरे आणि चीजवस्तू गोळा करून द्यायची. या मदतीचे नाव झिलू. या शब्दाचा मूळ अर्थ ऊब. मी भाषा शिकवणारा माणूस आहे; वर्गणीला ऊब म्हणणारी दुसरी भाषा माझ्या ऐकिवात नाही.

मग आले शहाणे लोक.

दिवाळीच्या अंकात मेलेल्यांचे आकडे देऊ नयेत असा संकेत आहे. तो मी मोडतो आहे. फराळाचे ताट थोडे बाजूला सारून हे दोन परिच्छेद वाचावेत. १९२० नंतर मॉस्कोत बसलेल्यांनी ठरवले की भटकणे हे मागासलेपण आहे. पुरावा काय दिला? वाऱ्याचा आणि जुटाचा! दर काही वर्षांनी यांची गुरे मरतात, म्हणून यांच्याच भल्यासाठी यांना एका जागी बसवले पाहिजे. या कोरड्या, लहरी मुलखात जनावरांमागे फिरणे हाच पोट भरण्याचा शहाणपणाचा मार्ग आहे, असे सांगणारे जाणकार त्या वेळीही होते. त्यांचे कोण ऐकतो? १९२५ पासून कझाकस्तानातल्या पक्षाचा कारभार फिलिप गोलोश्चोकिन याच्या हाती होता. १९२८ साली मोठ्या कळपवाल्यांची जनावरे जप्त करून त्यांना मुलखाबाहेर घालवले. पुढे सामुदायिक शेती आली, सक्तीची वस्ती आली. ज्यांनी धान्य पेरले नाही त्यांच्यावरही धान्याची वसुली बसली; ती फेडायला त्यांनी मेंढ्या विकल्या आणि धान्य विकत घेऊन सरकारात भरले. वर मांसाची वसुली निराळी, मोठ्या शहरांची पोटे भरायला. उरलेली जनावरे चाऱ्याची तजवीज नसलेल्या जागी एकत्र कोंडली. वाऱ्याचा आडोसा बघून मांडायची घरे हुकमाने उघड्या रानात एकत्र आणून मांडली. 

परिणाम सांगतो. १९३० ते १९३३ या काळात कझाकस्तानात सुमारे १५ लाख माणसे मेली. त्यांतले १३ लाखांच्या आसपास कझाक. म्हणजे तीन कझाकांतला एकाहून अधिक. १० लाखांवर लोक मुलूख सोडून पळाले, कोणी चीनकडे, कोणी शेजारच्या प्रजासत्ताकांत. जनावरांतली शेकडा ९० नाहीशी झाली. कझाक आपल्याच देशात अल्पसंख्य झाले ते १९९० नंतरच्या दशकापर्यंत. त्या वर्षांत अवर्षणही झाले होते, हे मी लपवीत नाही. आणि वारा तर होताच. उपाशी, चालत निघालेल्या बायकापोरांना रस्त्यात गाठणारा तोच होता. पण कळप काढून घेतला, घोंगडी विकायला लावली, ऊब गोळा करणारे कूळ मोडले, किस्ताऊची वाट बंद केली, आणि मग माणूस स्टेपवर उभा केला. मराठीत ‘वाऱ्यावर सोडणे’ असा एक वाक्प्रचार आपण ऊठसूट वापरतो. त्याचा शब्दशः अर्थ पाहायचा असेल तर तो त्या चार हिवाळ्यांत पाहावा. त्या म्हणीतले सात भाऊ कोणते ते कझाक म्हातारे सांगोत. आठवा भाऊ कचेरीत बसून तक्ते भरीत होता.

तेव्हा बोलले कोण? जुलै १९३२ मध्ये पाच जणांनी गोलोश्चोकिनला पत्र लिहून ही चूक आहे असे कळवले; त्यांत गाबित मुस्रेपोव हा लेखक होता. तुरार रिस्कुलोव्ह या मोठ्या पदावरच्या कझाकाने थेट स्टालिनला लिहिले. गोलोश्चोकिनला १९३३ च्या आरंभी हलवले. पुढे रिस्कुलोव्हला १९३८ साली गोळी घातली आणि गोलोश्चोकिनला १९४१ साली. त्या राज्यात खरे बोलणारा आणि खोटे करणारा यांची वाट शेवटी एकाच भिंतीशी जात असे. १९३७ साली शिरगणती झाली तेव्हा माणसे कमी भरली. उपाय सोपा होता: शिरगणती रद्द आणि मोजणारे तुरुंगात. वाऱ्याला निदान मोजणी दडपता येत नाही.

बरे, एवढ्यावर तरी शहाणपण आले का? १९५४ साली ख्रुश्चोव्हने ‘अहिल्या जमिनी’ फोडण्याची मोहीम काढली. अहिल्या या शब्दाचा एक अर्थ न नांगरलेली असा सांगतात, म्हणून मी तो वापरला; रशियन शब्द त्सेलिना. १९६० पर्यंत साऱ्या सोव्हिएत संघात ४ कोटी हेक्टरांवर गवत उलटे झाले, त्यातले सुमारे अडीच कोटी हेक्टर एकट्या कझाकस्तानात. तरणी पोरे गाणी म्हणत आगगाडीने आली, तंबूत राहिली, राबली. त्यांच्या कष्टांना मी नावे ठेवणार नाही. १९५६ साली पीकही असे आले की पोती कमी पडावीत. पण गवताची मुळे ही त्या जमिनीची शिवण होती. ती लोखंडी फाळाने उसवली आणि माती उलटी करून उघडी टाकली. १९६० नंतरच्या दोन-तीन वसंतांत तीच माती आकाशात गेली. काळी वादळे उठली. १९६३ साली सोव्हिएत संघाला कॅनडा-अमेरिकेकडून गहू विकत घ्यावा लागला. त्या वर्षी अवर्षण होते हे कबूल. पण वाऱ्याने काही ती जमीन नांगरली नव्हती.

याच गोष्टीत एक माणूस असा आहे की ज्याच्यामुळे माझा हा खटला जिंकल्यात जमा आहे. त्याचे नाव अलेक्सांद्र बारायेव. शोर्तान्दी येथल्या धान्य-संशोधन संस्थेचा तो प्रमुख. कॅनडातली माळरानाची शेती त्याने पाहिली होती. तो म्हणाला, माती उलटू नका. पात्याने खालूनच मुळे कापा आणि धसकटे उभी ठेवा. काही जमीन दर वर्षी पडीत टाका. ख्रुश्चोव्हला पडीत जमिनीचा राग. साहेबांनी त्याला फैलावर घेतले. माणूस हलला नाही. धसकटांमुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो, माती जागेवर राहते, हे तर झालेच. पण खरी गंमत हिवाळ्यात आहे. बुरान जे हिम उधळीत नेतो ते या धसकटांत अडकून बसते. वसंतात ते वितळते, आणि गव्हाला पहिले पाणी मिळते ते तेच. म्हणजे ज्याने माती पळवली म्हणून बोंब होती, तोच चोर पाणी घालू लागला! बारायेवला १९७२ साली लेनिन पारितोषिक मिळाले. वाऱ्याला काही मिळाले नाही.

नाही म्हणायला त्याचे नाव एकदा आकाशात गेले. सोव्हिएत संघाने बांधलेल्या अंतराळविमानाचे नाव बुरान होते. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी ते स्टेपवरच्याच बैकोनूरहून उडाले, माणसाविना पृथ्वीला दोन फेऱ्या घालून नीट खाली उतरले, आणि पुन्हा कधी उडाले नाही. २००२ साली त्याच्या गोदामाचे छप्पर कोसळून त्याचा चुराडा झाला, आठ कामगार मेले. महिना मे होता. हिम नव्हते, बुरान नव्हता. छपरावर दुरुस्तीचे काम चालले होते.

हा सारा त्या लाल राज्याचा दोष, असे म्हणून कोणी मिशीला पीळ भरत असेल तर त्याने जरा मंगोलियाकडे पाहावे. तेथेही सामुदायिक कळप होते. त्यांना नेगदेल म्हणत. कझाकस्तानातल्यासारखा संहार तेथे झाला नव्हता, आणि पुढल्या काळात या संस्थांनी वाळलेल्या गवताचे साठे, गुरांचे डॉक्टर, दूरच्या कुरणावर जायला गाड्या अशी सोय उभी केली होती. १९९० नंतर बाजाराचे वारे सुटले आणि दोन-तीन वर्षांत नेगदेल मोडीत निघाले. जनावरे वाटून दिली. साठे, डॉक्टर आणि गाड्या कोणाच्याच वाट्याला आल्या नाहीत. काश्मिरी लोकरीला जगात भाव, म्हणून जो तो बकऱ्या वाढवू लागला. १९९० साली अडीच कोटी असलेली जनावरे २०१९ पर्यंत ७ कोटींवर गेली. कुरण तेवढेच, बरे, तेही सुकत चाललेले, कारण १९४० पासून त्या देशाचे सरासरी तापमान दोन अंशांहून अधिक चढले आहे. आणि ते तापमान काय मंगोल मेंढपाळाच्या चुलीने चढवले? १९९९ ते २००२ च्या झुडांत एक कोटीवर जनावरे मेली, २००९-१० च्या एका हिवाळ्यात ८० लाखांवर, २०२३-२४ मध्ये ७० लाखांवर. कळप गेलेला माणूस घर उचलून उलानबातरच्या कडेला येतो, कोळशाची शेगडी पेटवतो, आणि मग त्या शहरातल्या धुराबद्दलही त्यालाच बोल लावतात. बातमी मात्र एका ओळीची: थंडीचा कहर. एका राज्याने माणसाला मुठीत आवळून मारले, दुसऱ्याने मूठ सोडून वाऱ्यावर टाकले. मी कोणत्याही रंगाच्या झेंड्याचा मानकरी नाही. मला दोन्हीकडे वारा तोच दिसतो.

आणि हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून आपण निर्धास्त राहावे असेही नाही. बुरान आपल्याकडे येत नाही, पण त्याच्यावर खटला भरणारी बुद्धी येथे नांदते आहे. दिवाळी आटोपली की देशावरचे धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागतात. त्यांच्याही वाटा ठरलेल्या, त्यांचीही चराई हिशेबाची. आणि ज्या माळांवर त्यांची मेंढरे पावसाळ्यात चरतात त्या माळांना आमच्या सरकारी नकाशात शब्द काय आहे? पडीक. पडीक म्हटले की तेथे काहीही करायला मुभा: झाडे लावा, कारखाने काढा, कुंपण घाला. पुढे अवकाळी पावसात, गारपिटीत, गारठ्यात उघड्यावर मेंढरे मेली की पंचनाम्यावर ‘नैसर्गिक आपत्ती’ असे लिहायला तलाठ्याचे पेन तयार असते. गेल्या वर्षी हा कळप कोठे मुक्कामाला होता आणि यंदा ती जागा कोणी बंद केली, हा रकाना त्या कागदावर नाही. तो असावा, असे माझे मागणे आहे. फार मोठे नाही.

कझाकस्तानाने १९९७ साली राजधानी अल्माटीहून उचलून ऐन स्टेपवर नेली. हेच ते पूर्वीचे अक्मोलिन्स्क, १९६१ पासूनचे त्सेलिनोग्राद, आजचे अस्ताना. शहराला बुरान लागू नये म्हणून भोवती झाडांचा पट्टा लावायला घेतला. खारट जमिनीत रोपे मरत, पुन्हा लावीत. तेही एक होय. पण मला आवडते ती त्याहून साधी गोष्ट. हिवाळ्यात बोरान उठला की त्या भागातले महामार्ग बंद करतात. तशी सूचना निघते आणि रस्त्यावर फाटक आडवे पडते. मंत्री असो की मालाचा ट्रक, गाडी तेथे थांबवायची. थांबलेली माणसे जवळच्या खानावळीत कोट काढून बसतात, चहा मागवतात, घरी फोन करून उशीर होईल असे सांगतात. बाहेर बोरान रिकाम्या रस्त्यावरून रात्रभर जात राहतो. सकाळी हिम उपसणारी यंत्रे निघतात आणि फाटक उघडते. गाडीवानाने टोपी काढून जे विचारले होते, ते येथे फाटक विचारते. आणि फाटकाला हो म्हणावेच लागते.